फी भरली, खोली मिळाली. विचारपूस कोण करणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून प्रवेशाची धावपळ सुरू होते. दुकान दोन दिवस भावाच्या भरवशावर सोडून वडील पुण्याला किंवा मुंबईला फेरी मारतात आणि ओळखीपाळखीतून चौकशी करतात. फी किती, हप्ते पडतील काय, शेवटच्या वर्षी नोकरी देण्यासाठी कोणत्या कंपन्या येतात, खोलीचे डिपॉझिट किती, मेसमध्ये कांदा-लसणाविना जेवण मिळेल काय, सूर्यास्तापूर्वी ताट वाढले जाईल काय, मंदिर किती अंतरावर आहे? माल उचलण्यापूर्वी व्यापारी ज्या बारकाईने पारख करतो, त्याच बारकाईने ही सगळी चौकशी होते आणि ती योग्यच आहे. एक प्रश्न मात्र या यादीत क्वचितच आढळतो. मूल आजारी पडले, रात्र रात्र जागू लागले, वर्गात जाईनासे झाले, तर ही गोष्ट त्या शहरात सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येईल?

पूर्वी हा प्रश्न विचारावा लागत नसे, कारण त्याचे उत्तर ठरलेले होते. शिक्षणासाठी गाव सोडणारा मुलगा समाजाच्या बोर्डिंगात राहत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, त्यांत जैन बोर्डिंगही होते. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालय निघाले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात विद्यार्थिदशा काढलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवायला घेतले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. या वसतिगृहांचे मोल फक्त स्वस्त राहण्या-जेवण्यात नव्हते. तेथे गृहपती असे. पंगतीत कोणाचे पान रिकामे राहिले, कोण दोन दिवस प्रार्थनेला आला नाही, घरून आलेले पत्र वाचून कोणाचा चेहरा उतरला, हे त्याला न विचारता समजे. आज विद्यापीठे ज्याला विद्यार्थी साहाय्य सेवा म्हणतात, ती त्या काळी एका माणसाच्या नजरेत सामावलेली होती. त्या गृहपतींचा धाकही असे आणि काहींचा तो जरा जास्तच असे, हेही खरे.

आता चित्र पालटले आहे. समाजाच्या वसतिगृहांत जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ. बहुसंख्य मुले-मुली कोथरूड, विमाननगर, विलेपार्ले, अंधेरी अशा ठिकाणी तिघे-चौघे मिळून फ्लॅट घेतात किंवा पीजीत राहतात. चौघांची महाविद्यालये वेगळी, वेळा वेगळ्या. डबा दाराशी येतो आणि तसाच परत गेला तरी डबेवाल्या मावशींना त्याचे कारण विचारण्याचे कारण नसते. घरमालकाचा संबंध महिन्याच्या भाड्यापुरता. घरी रोज फोन होतो, पण तो बहुधा ‘जेवलास का, पैसे पाठवू का’ एवढ्यावर संपतो आणि ‘हो’ या उत्तरावर घर निश्चिंत होते.

ही निश्चिंतता किती ठिसूळ आहे, ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांवरून समजते. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. २०२३ साली ही संख्या १३,८९२ झाली. २०२२ च्या यादीत सर्वाधिक, म्हणजे १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते. या आकड्यांमागे एकच एक कारण शोधू नये. परीक्षा, पैसा, प्रेमभंग, रॅगिंग, घरातील कलह, न ओळखलेला आजार, असे अनेक धागे एकमेकांत गुंतलेले असतात. शिवाय टोकाला न गेलेल्या, पण वर्षानुवर्षे आतल्या आत कुढत राहिलेल्या मुलांची मोजणी या आकड्यांत नाही.

सेवा आहेत, त्या कोठे आहेत?

मदतीची दारे नाहीत असे नाही. गेल्या काही वर्षांत ती वाढली आहेत. मोठ्या विद्यापीठांत आरोग्य केंद्र असते आणि त्याला जोडून समुपदेशन केंद्र असते. मुंबईच्या आयआयटीत विद्यार्थी कल्याण केंद्र आहे आणि नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक वरच्या वर्गातील विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून नेमून दिला जातो. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली सुरू केलेली ‘आयकॉल’ ही सेवा दूरध्वनीवरून आणि ईमेलवरून समुपदेशन करते. रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम आहेत आणि १८००-१८०-५५२२ ही चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आहे.

सर्वांत सोयीची सेवा केंद्र सरकारची. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेलि-मानस’ सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिची मध्यवर्ती मार्गदर्शक आहे. १४४१६ हा पाच आकडी क्रमांक फिरवला की रात्री दोन वाजताही प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, मराठीत बोलतो आणि एक पैसाही घेत नाही. आवश्यकता भासल्यास तो पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. आपल्या व्यापाऱ्यांच्या भ्रमणध्वनीत अडत्याचा, ट्रान्सपोर्टवाल्याचा, सीएचा क्रमांक असतो. हा पाच आकडी क्रमांक किती जणांकडे आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

यापुढची गोष्ट समाजातील विश्वस्त मंडळींनी विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. २५ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या पीठाने त्यावर निर्णय देताना देशभरासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या आणि या विषयावर कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील असे स्पष्ट केले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे. विद्यार्थी कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था लावून ठेवली पाहिजे. अध्यापक आणि कर्मचारी यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळाले पाहिजे. टेलि-मानससारख्या मदतवाहिन्यांचे क्रमांक ठळक अक्षरांत लावले पाहिजेत. पालकांसाठीही माहितीचे कार्यक्रम घेतले पाहिजेत. आणि महत्त्वाचे म्हणजे, या सूचना केवळ शाळा-महाविद्यालयांना नाहीत. शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांनाही त्या लागू आहेत.

म्हणजे समाजाच्या वसतिगृहालाही त्या लागू आहेत. चाळीस-पन्नास मुलांचे वसतिगृह असेल तर पूर्णवेळ माणूस नेमण्याचा प्रश्न येत नाही. आठवड्यातून एक सायंकाळ येणारा समुपदेशक, जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाशी झालेली बोलणी आणि रेक्टरला रात्री कोणाला फोन करावा याची लेखी सूचना, एवढ्यावर काम भागते. नवा हॉल, संगमरवरी फरशी, प्रवेशद्वारावर दात्यांची नावे यांसाठी आपल्याकडे पैसा उभा राहतो आणि राहावा. पण त्याच इमारतीत एक बंद दाराची छोटी खोली आणि त्या खोलीत आठवड्याला दोन तास बसणारे माणूस यांसाठीही कोणी दाता पुढे आला, तर त्याच्या नावाची पाटी दिसणार नाही इतकेच.

खातेदार सज्ञान झाला

दारे आहेत, तरी मुले त्यांच्याकडे वळत नाहीत. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, मानसिक आजार असलेल्यांपैकी उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण आजाराच्या प्रकारानुसार ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत यामागे पैशांची अडचण कमी असते, कारण महाविद्यालयातील सेवा बहुधा विनामूल्य असते. अडचण निराळी आहे. ‘घरी कळले तर?’ हा तो प्रश्न आहे.

व्यापारी घराण्यात पत ही भांडवलाइतकीच मोलाची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तत्त्व व्यवहारात उपयोगी पडते आणि त्याचीच सवय घरातही शिरते. मंदी आली तरी दुकानाची रोषणाई कमी करायची नाही, नुकसान झाले तरी बाजारात बोलायचे नाही, हे मूल लहानपणापासून पाहत असते. मग स्वतःचे मन बुडीत जात असता ते कोणापुढे कसे उघडणार? मुलींच्या बाबतीत भीती दुहेरी असते. उद्या स्थळ आले आणि कोणी सांगितले की ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जात होती, तर? आई-वडिलांनी असे शब्द प्रत्यक्ष उच्चारले नसतील. पण शेजारच्या कोणाविषयी घरात झालेली कुजबूज मुलीने ऐकलेली असते.

येथे कायद्याची एक बाजू माहीत असणे उपयोगाचे आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या २३ व्या कलमाने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी समुपदेशकाशी काय बोलला, हे महाविद्यालयाने किंवा डॉक्टरने त्याच्या अनुमतीवाचून कोणालाही सांगायचे नाही, वडिलांनाही नाही. जिवाला धोका असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत. कित्येक वडिलांना हे ऐकून राग येतो. फी आम्ही भरायची आणि आम्हालाच सांगायचे नाही, हा कुठला न्याय?

बँकेच्या व्यवहाराकडे पाहिले तर हा न्याय अपरिचित वाटणार नाही. अज्ञान मुलाच्या नावे खाते उघडले की पालक त्यावर सही करतो. मूल अठरा वर्षांचे झाले की पालकाची सही चालत नाही. खातेदाराची नवी सही घेतली जाते आणि त्यानंतर शिल्लक किती हे बँक वडिलांना सांगत नाही, मग त्या खात्यातील प्रत्येक रुपया वडिलांचाच का असेना. यात बँकेने बाप-लेकात भिंत उभारली असे कोणी म्हणत नाही. उलट, गुप्तता पाळते म्हणूनच लोक बँकेत पैसे ठेवतात. समुपदेशन केंद्राचेही तसेच आहे. तेथे बोललेले बाहेर जाणार नाही याची खात्री असते म्हणूनच मूल तेथपर्यंत जाते. ती खात्री काढून घेतली तर वडिलांना अधिक काही कळणार नाही. समुपदेशकाला मात्र काहीच कळणार नाही.

म्हणून घराने करण्याची गोष्ट एकच आहे आणि ती मूल घर सोडण्यापूर्वी करायची आहे. सामानाची बांधाबांध चालू असतानाच आई-वडिलांनी सांगून ठेवावे की, तेथे समुपदेशक असतो, वाटले तर जा, आम्हाला सांगितले नाहीस तरी चालेल. हे वाक्य उच्चारायला जड जाते. पण संकटाच्या वेळी मुलाला आठवते ते असेच आधी मिळालेले मोकळे शब्द. संकट आल्यावर मागाहून दिलेली परवानगी बहुधा उशिराची ठरते.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची गल्लत आपल्याकडे नेहमी होते. समुपदेशक ऐकतो, प्रश्न विचारतो, गुंता सोडवायला मदत करतो; एका बैठकीला साधारण पाऊण तास लागतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतो; त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे ना, हे विचारायला संकोच करू नये. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषध तोच लिहून देतो. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडून देणे चुकीचे. बरे वाटू लागले म्हणून एकाएकी बंद करणेही तितकेच चुकीचे. या औषधांची सवय लागते हा समज झोपेच्या काही गोळ्यांवरून आलेला आहे. नैराश्यावर आज सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांना तो तसाच्या तसा लागू पडत नाही. चौविहार पाळणाऱ्या मुला-मुलींनी तसे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी किंवा सकाळी घेता येईल काय, हे औषधावर अवलंबून असते आणि अनेकदा वेळ बदलता येते. न सांगता गोळी चुकवत राहणे मात्र धोक्याचे. आठ दिवसांच्या उपवासाचा विचार असेल तेव्हाही हेच.

ज्यांना कॅम्पसच नाही

आपल्या घरांतील एक मोठा गट या सर्व व्यवस्थेच्या बाहेर राहतो, तो म्हणजे सीएचे विद्यार्थी. नावाला बीकॉमला प्रवेश असतो, प्रत्यक्षात महाविद्यालयात पाऊल पडत नाही. सकाळी शिकवणी, दिवसभर आर्टिकलशिप, रात्री अभ्यास. शेवटचे काही महिने वाचनालयातील एका खुर्चीवर. त्यामुळे महाविद्यालयातील समुपदेशक त्यांना ठाऊक नसतो आणि त्याला ते ठाऊक नसतात. ते बीकॉमचे विद्यार्थी आहेत तोवर महाविद्यालयाच्या सेवेवर त्यांचा हक्क आहे, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही.

या परीक्षेचा निकाल आकड्यांत पाहिला तर पुष्कळ गैरसमज दूर होतील. अंतिम परीक्षेचे दोन्ही गट एकदम देऊन उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण नोव्हेंबर २०२३ मध्ये ९.४२ टक्के, मे २०२४ मध्ये १९.८८ टक्के आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये १३.४४ टक्के होते. याचा सरळ अर्थ असा की, दहांतील आठ-नऊ जण त्या खेपेला अनुत्तीर्ण होणारच असतात, आणि त्यांत हुशार, कष्टाळू मुले असणारच असतात. पण घरात आणि नातेवाइकांत निकालाच्या दिवशी जे वातावरण होते ते या टक्केवारीशी जुळत नाही. ‘अमक्याचा मुलगा पहिल्या झटक्यात झाला’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते. त्या पंगतीत तिसऱ्यांदा परीक्षेला बसणारा कोणीतरी मान खाली घालून जेवत असतो. दर हंगामात दहापैकी एकच सौदा तडीस जातो अशा धंद्यात व्यापारी उरलेल्या नऊ सौद्यांवरून स्वतःला नालायक ठरवीत नाही. तो बाजाराचे गणित समजून घेतो, उमेद राखतो आणि कधी धंदाही बदलतो. मुलाने तिसऱ्या प्रयत्नानंतर वाट बदलायची म्हटली तर तीही ऐकून घेण्यासारखी गोष्ट आहे.

थकवा मनाचा की शरीराचा?

मनाचा विचार करताना शरीर विसरून चालत नाही. सतत थकवा, चिडचिड, हातापायांना मुंग्या, लक्ष न लागणे, विसरभोळेपणा ही लक्षणे ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही दिसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांत हे जीवनसत्त्व कमी आढळले आणि शाकाहारी व्यक्तींत धोका अधिक दिसला. घरी असताना दूध, दही, ताक यांतून थोडेफार मिळते. पीजीत राहणारे मूल चहा-बिस्किटांवर दिवस काढते तेव्हा तेही तुटते. रक्ताची साधी तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन, एवढाच उपाय. औषधातील ब-१२ सूक्ष्म जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते; कॅप्सूलचे आवरण मात्र पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते, म्हणून गोळीच मागून घ्यावी.

मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला आळशी म्हणणे, हा अन्यायही आहे आणि वेळेचा अपव्ययही. प्रवेशापूर्वी एकदा रक्ताची पूर्ण तपासणी करून घेतली तर पुढे चार महिने वाया जात नाहीत.

पॉलिसी उघडून वाचा

आरोग्य विमा बहुतेक घरांत असतो, पण पॉलिसी कपाटात आणि मूल दुसऱ्या शहरात, अशी स्थिती असते. कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत मुलांना बहुधा पंचविशीच्या आसपास वयोमर्यादा असते. ती ओलांडली की वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. मुलाच्या भ्रमणध्वनीत विमा कार्डाची प्रत आणि तो राहतो त्या भागातील कॅशलेस रुग्णालयांची नावे असावीत.

२०१७ च्या कायद्याच्या २१ व्या कलमानुसार विमा कंपनीने मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा उपलब्ध करून द्यायचा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक प्राधिकरणानेही कंपन्यांना तसे कळवले. म्हणजे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर दावा करता येतो. समुपदेशनाच्या बाह्य बैठकांचा खर्च मात्र बहुतेक साध्या पॉलिसींत बसत नाही. नवी पॉलिसी घेताना पूर्वीचे उपचार लपवू नयेत. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल कमाल तीन वर्षांचा आहे; लपवल्यामुळे दावा नाकारला जाण्यापेक्षा तीन वर्षे थांबणे परवडते.

परदेशी जाणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसासोबतच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, पण तेवढ्याने डॉक्टर मिळत नाही. पोहोचल्यावर राहत्या भागातील दवाखान्यात नाव नोंदवावे लागते आणि बरीच मुले आजारी पडेपर्यंत ते करीत नाहीत. अमेरिकेत २०२२ पासून मानसिक संकटासाठी ९८८ हा क्रमांक आहे. तेथे महाविद्यालयात प्रवेश घेतल्यापासून शैक्षणिक नोंदींवरील हक्क विद्यार्थ्याकडे जातो, त्यामुळे येथून फोन करणाऱ्या वडिलांना विद्यापीठ गुणही सांगत नाही. हे उद्धटपणाने नव्हे, कायद्याने.

कान कशाकडे असावेत

दूर असलेल्या मुलाच्या आवाजातून काही गोष्टी कळतात. झोपेची वेळ पूर्ण उलटणे, जेवण तुटणे, फोन आखूड होत जाणे, मित्रांची नावे बोलण्यातून नाहीशी होणे, आवडीची वस्तू कोणाला तरी देऊन टाकणे, ‘मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता’ अशा तऱ्हेचे वाक्य थट्टेत येणे. अशा वेळी प्रश्न सरळ विचारावा: जीव नकोसा वाटतो का? असे विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार येतो, ही भीती निराधार आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. बहुतेकदा विचारणारा भेटला याचेच त्याला हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश, तुलना, शपथा बाजूला ठेवाव्यात. त्याला एकटे सोडू नये, जवळच्या मित्राला किंवा रेक्टरला तत्काळ त्याच्याकडे पाठवावे, १४४१६ वर बोलावे, धोका निकटचा असेल तर ११२ फिरवावा किंवा थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे आणि पहिल्या गाडीने निघावे. पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून रुग्णालय टाळणारी घरे अजूनही आहेत. त्यांनी हे जाणून घ्यावे की, २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानले जाते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम ठेवलेलेच नाही.

याच कायद्याच्या १४ व्या कलमात एक तरतूद आहे, जिच्याकडे व्यापारी घरांचे लक्ष सहज जावे. बँकेत, विम्यात, शेअरमध्ये आपण नामनिर्देशन केल्याशिवाय राहत नाही. तसेच नामनिर्देशन येथेही करता येते. अठरा वर्षांवरील कोणीही, आजारी असो वा नसो, साध्या कागदावर लिहून आणि सही करून आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ ठरवू शकतो. त्या प्रतिनिधीची लेखी संमती लागते. मुद्रांक लागत नाही, वकील लागत नाही आणि नाव केव्हाही बदलता येते. उपचारांत मदत करणे आणि गरजेच्या वेळी माहिती मिळवणे हे मग त्या प्रतिनिधीचे काम. मुलगा कदाचित वडिलांचे नाव लिहील, कदाचित मोठ्या बहिणीचे, मामाचे किंवा खोलीवरच्या मित्राचे. कायद्याला त्यातले कोणतेही चालते.